बॅटरीतलं पाणी

धनाजीशेठ माझ्या घराचा जिना चढून आला तेव्हा त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि तोंडावर असं हसू होतं की जणू कालच आम्ही एका ताटात जेवलोय. मी दारात उभा होतो. बाजूला सरकलो नाही.

"कंट्रोलरसाहेब, आत तरी येऊ द्या की," तो म्हणाला.

"या."

तो खुर्चीवर बसला. समोरच्या भिंतीवर शालनचा, माझ्या बायकोचा फोटो होता. त्याची नजर तिकडे गेली आणि लगेच पंख्याकडे वळली. मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. चहाचं नाव काढलं नाही.

"दसऱ्याला शोरूम उघडतोय. एस.टी. स्टँडसमोरच. छतावरचं सोलर आणि लाईटवरच्या स्कूटर. आता काळ त्याचाच हाय बघा. लाईटबिल काय यायलंय, पेट्रोल कुठं जाऊन बसलंय! सबसिडीची धावपळ पण आम्हीच करणार. गिऱ्हाइकानं नुसतं छत दाखवायचं."

"चांगलं आहे."

"चांगलं हायच. पण आपल्या विट्यात लोक मला विचारत न्हाईत, तुम्हास्नी विचारत्यात." त्याने पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला. "रविवारच्या मेसेजमधी दोन शब्द टाका. तेवढं झालं की माझं काम फत्ते."

"मी वस्तू बघितल्याशिवाय बोलत नाही."

"बघा की! कवाबी या. आणि आपलं जे काय झालं-गेलं..."

"काय झालं-गेलं?"

तो जरा चुळबुळला. "वहिनींचं म्हणतो मी. आता जुन्या गोष्टी काढून कुणाचं भलं झालंय?"

"पेढे घेऊन जा," मी म्हणालो. "शोरूम बघायला येतो."

तो जिना उतरून गेल्यावर मी दार लावून घेतलं. हा माणूस स्वतःच्या पायाने माझ्याकडे यावा म्हणून मी कित्येक वर्षं थांबलो होतो, आणि तो आला होता.

मी नोकरीभर एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवरच्या त्या लहानशा खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माईकवरून सांगायचं, ही माझी नोकरी. तोंड फारसं कुणाला माहीत नव्हतं, पण आवाज अख्ख्या तालुक्याला पाठ होता. कराडची गाडी म्हणालो तर ती कराडचीच असायची. लोक पाटी न वाचता माझ्या आवाजावर चढायचे.

शालनची फुप्फुसं हळूहळू निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, आणि ते मशीन चालायचं लाईटवर. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल आणि कधी येईल हे देवालाही ठाऊक नसायचं. म्हणून मी धनाजीच्या दुकानातून इन्व्हर्टर घेतला. तेव्हा त्याचं बाजारपेठेत बॅटरीचं दुकान होतं. "कंट्रोलर, ही बॅटरी चार तास हलणार न्हाई, आईच्यान सांगतो," असं गळ्याला चिमटा घेऊन तो म्हणाला. मी दर पगाराला बॅटरीच्या पाण्याची बाटली आणायचो आणि शालनसमोर बसून बॅटरीत पाणी घालायचो. ती हसायची. म्हणायची, माझ्यापेक्षा हिलाच जास्त जपताय.

एका दुपारी लाईट गेली. मी ड्यूटीवर होतो. म्हसवडची गाडी लागल्याचं माईकवरून सांगत असताना शेजारच्या मुल्लावहिनींचा फोन आला. इन्व्हर्टर अर्धा तासही टिकला नव्हता. आम्ही शालनला गाडीत घालून कराडकडे निघालो. तिथपर्यंत ती पोचली नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मी सुवर्णाला, माझ्या मुलीला, बरोबर घेऊन धनाजीच्या दुकानात गेलो. मला भांडायचं नव्हतं. नेमकं काय झालं एवढंच विचारायचं होतं. दुकानात गर्दी होती. त्याने मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"बॅटरी एक नंबर होती, कंट्रोलर. तुम्ही पाणी घातलं नसणार. पाणी आटलं की बॅटरी बसती, हे शाळेतलं पोरगं सांगंल. आता त्याला मी काय करू?"

सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. त्या नजरा मी कधी विसरलो नाही. घरी येताना रस्त्यात सुवर्णाने दबक्या आवाजात विचारलं, "बाबा, रागावू नका. तुम्ही पाणी घातलं होतं ना हो?"

माझ्या पोटच्या पोरीने मला हे विचारलं. धनाजीने माझी बायको तर नेलीच, पण माझ्या मुलीच्या मनात असा खिळा ठोकून ठेवला. बायकोची गोष्ट मी एक वेळ नशिबावर ढकलली असती. ही नाही ढकलणार.

त्याच संध्याकाळी मी ती बॅटरी उलटीपालटी करून बघितली. वरच्या कडेला धनाजीच्या दुकानाचा चकचकीत स्टिकर होता. नखाने तो सोलला. खाली प्लास्टिकमध्येच कारखान्यात उठवलेली तारीख होती, आणि ती मी बॅटरी घेतली त्याच्या पाच-सहा वर्षं आधीची होती. कुणीतरी वापरून परत केलेली बॅटरी त्याने पुसून, रंगवून, वर स्टिकर मारून माझ्या गळ्यात घातली होती. मी ती उचलून स्टँडसमोर वसंताच्या चहाच्या गाड्यावर नेली. चार माणसांना दाखवली. वसंता कपबशा विसळत म्हणाला, "जाऊ द्या, कंट्रोलर. माणूस विसरतो कधी कधी. पाणी बघत जावा." धनाजीला कळलं तेव्हा तो म्हणे एवढंच बोलला, की हा कंपनीचा नंबर आहे, कंट्रोलरनी आपले गाड्यांचे नंबर बघावेत.

ग्राहक मंचात जा, असं दोघातिघांनी सुचवलं. मला नुकसानभरपाई नको होती. धनाजीने ज्या गावासमोर ते वाक्य उच्चारलं, त्याच गावासमोर ते गिळावं, एवढंच मला हवं होतं. पण त्यासाठी गावाने आधी माझं ऐकायला हवं होतं, आणि गाव माझं फक्त गाड्यांबाबत ऐकत होतं.

म्हणून रिटायर झाल्यावर मी मेसेज सुरू केले. दर रविवारी सकाळी, आपल्या आवाजात, मोबाईलवर, आटोपशीर. पहिला मेसेज कुकरच्या रिंगेवर होता. रिंग सैल झाली की लोक नवा कुकर घेतात, तसं करू नका, आधी रिंग बदला, असं सांगितलं. आवाज ओळखीचा, त्यामुळे तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. मग लोक विचारायला लागले. गिझर गॅसचा घ्यावा की लाईटचा? टीव्ही किती मोठा? फ्रिजवरच्या वीजबचतीच्या चांदण्या खऱ्या की खोट्या? बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला आणि मोबाईलवर आलेला आकडा मागितला, तर काय करायचं? मी दुकानांत जायचो, वस्तू हाताळायचो, वापरणाऱ्यांना भेटायचो आणि मगच बोलायचो. कुणाचा चहासुद्धा पीत नसे. निवडणुकीत एका उमेदवाराने मिक्सर वाटले तेव्हा मी जाहीर सांगितलं, की मत कुणालाही द्या, पण या मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट करू नका, जळेल. तो जळला. त्या दिवसापासून माझा शब्द पक्का झाला.

लोकांना वाटायचं, कंट्रोलर समाजसेवा करतोय. एका संस्थेने शाल-श्रीफळही दिलं. मी ते निमूटपणे घेतलं. मी काय करतोय हे फक्त मला आणि भिंतीवरच्या फोटोला ठाऊक होतं. मी धार लावत होतो.

ठरल्याप्रमाणे मी शोरूम बघायला गेलो. धनाजी मागेपुढे नाचत होता. मी पॅनल बघितले, बसवणाऱ्या माणसांशी बोललो, शेजारच्या गावात त्यांनी बसवलेल्या दोन छतांवर चढून आलो. दोन्ही घरमालक खूश होते. स्कूटर चालवून बघितली. माल चोख होता, खोड काढायला जागा नव्हती. कंपनी बाहेरची होती आणि धनाजीला त्यात हात घालायला वाव नव्हता.

माझी पंचाईत झाली. सोलर फसवं आहे असं मी नुसतं म्हणालो असतो, तरी दसऱ्याला त्याच्या दारात कुत्रं फिरकलं नसतं. तीन दिवस हाच विचार. शेवटी ठरवलं, की खोटं त्याने बोलायचं आणि मी खरं, यात बदल करायचा नाही. नाहीतर आम्ही दोघे एकाच मापाचे झालो असतो. आणि खऱ्याने जेवढं कापता येतं तेवढं खोट्याने येत नाही, हे कॅलेंडर बघताना माझ्या लक्षात आलं. त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली होती.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं प्रत्येक यंत्र पुसतात. कोयता, विळी, शिलाई मशीन, पाण्याची मोटर, मोटारसायकल, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. अलीकडे लोक जिन्याखालचा इन्व्हर्टरही बाहेर ओढतात. वर्षातून तेवढ्याच दिवशी त्या बॅटरीला माणसाचा हात लागतो.

त्या सकाळी मी अंघोळ करून मोबाईल हातात घेतला.

"नमस्कार. कंट्रोलर बोलतोय. उद्या धनाजीशेठच्या नव्या शोरूमचं उद्घाटन आहे. मी तिथे जाऊन आलो. सोलर चांगलं आहे, बसवणारी माणसं कामाची आहेत. ज्यांच्या छतावर दिवसभर ऊन येतं आणि ज्यांना लाईटबिल बोचतं, त्यांनी जरूर घ्यावं. स्कूटर गावातल्या गावात उत्तम. रोज कराडला जाऊन येणाऱ्यांनी अजून थोडं थांबावं. आता एक शेवटचं, बॅटरीबद्दल. कुठलीही बॅटरी घेताना तिच्या डब्यावर कारखान्यात उठवलेली तारीख बघायची. त्या जागी दुकानाचा स्टिकर असेल तर तो नखाने काढायचा. आज तुम्ही इन्व्हर्टर पुसणारच आहात. तेव्हा आपल्या घरातल्या बॅटरीवर ती तारीख कुठे असते आणि आपण ती बॅटरी कधी घेतली, हे जुळवून बघा. म्हणजे उद्या दुकानात सोपं जाईल. दसऱ्याच्या शुभेच्छा."

थोड्याच वेळात धनाजीचा फोन आला. "कंट्रोलरसाहेब, लई झ्याक बोललासा! तुमचे उपकार फेडू कसे?" मागे भांड्यांचा आणि पोरांचा कालवा चालू होता. त्याच्या बोलण्यावरून कळलं, की त्याने मेसेज सोलरपर्यंत ऐकला होता आणि हरखून तिथेच थांबवला होता. एवढंच नाही, तर दुकानाच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना तो त्यानेच पाठवून दिला होता. मला ज्यांचे नंबर कधीच मिळाले नसते, त्यांच्यापर्यंत माझा आवाज धनाजीने स्वतः नेऊन पोचवला. मी त्याला म्हणालो, "उपकार कसले, तुमचंच काम तुम्ही केलंत."

दसऱ्याला सकाळी मी धुतलेला सदरा घालून स्टँडवर गेलो. शोरूमला झेंडूची तोरणं होती, दारात मांडव होता, लाऊडस्पीकर लावलेला होता. धनाजी नवा फेटा बांधून उभा होता. दाराशी स्कूटरी ओळीने मांडल्या होत्या. त्या न्यायला माणसं येतील म्हणून त्याने पूजेची ताटं तयार ठेवली होती.

पहिला आला तो एक गवंडी. त्याच्या जुन्या मोपेडवर पायापाशी बॅटरी होती, आणि तिच्यावर आदल्या दिवशीचं हळदकुंकू तसंच होतं. त्याने ती मांडवात आणून आदळली. "शेठ, ही कवाची हाय?" धनाजी हसून काहीतरी म्हणायच्या आत मागून हातगाडी आली, तिच्यावर तीन बॅटऱ्या. मग एक टेम्पो. मग दवाखान्यातली आया आणि तिचा नवरा, दोघांनी मिळून धरलेली एक. सगळ्यांच्या बॅटऱ्या जुन्या निघाल्या नव्हत्या. पण जेवढ्या निघाल्या तेवढ्यांनी मांडव भरून गेला. उद्घाटनाला आलेले सभापती गर्दी बघून गाडीतूनच मागे फिरले.

वसंताही आला होता, आपली बॅटरी खांद्यावर टाकून. मला बघून कळवळून म्हणाला, "कंट्रोलर, तुम्हास्नी ठावं होतं तर आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "तुझ्याच गाड्यावर. तू म्हणालास, पाणी बघत जावा."

त्याने मान खाली घातली. ते बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आरडाओरडा वाढत गेला. कुणी फेट्याला हात घातला. धनाजी गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. त्याने माझ्या हातात माईक कोंबला.

"कंट्रोलर, पाया पडतो, तुम्ही बोला. तुमचं ऐकत्यात ही माणसं. सांगा त्यास्नी, सगळ्या बॅटऱ्या बदलून देतो. एक रुपया न घेता देतो. फक्त आत्ता घरी जा म्हणावं."

"मी बोलतो," मी म्हणालो आणि माईक त्याच्याकडे परत केला. "आधी तू बोल."

इतकी वर्षं मी त्याला अहो-जाहो करत आलो होतो. त्या दिवशी अरेतुरे सहज तोंडात आलं.

"मी काय बोलू?"

"शालनच्या बॅटरीत पाणी होतं, हे बोल."

त्याने आजूबाजूला बघितलं. शोरूमच्या पायरीवर त्याची बायको, दोन्ही सुना, नातवंडं दागदागिने घालून उभी होती.

"हितं नको, कंट्रोलर. घरी येऊन म्हणतो. वहिनींच्या फोटोपुढं नाक घासतो. हितं माझी सगळी माणसं बघायल्यात."

"तू बोललास तेव्हा माझी मुलगी शेजारी उभी होती. तेव्हा मी म्हणालो होतो का, की हितं नको?"

मागून कुणीतरी बॅटरी आपटली आणि एक काच फुटली. धनाजीची मोठी सून ओरडली. त्याने डोळे मिटले आणि माईक तोंडाशी नेला.

"कंट्रोलरच्या बॅटरीत पाणी होतं."

"मोठ्याने."

"पाणी होतं!" लाऊडस्पीकर किंचाळला आणि मांडवात एकदम शांतता झाली. आता त्याला थांबताही येईना. "पाणी होतं. त्यांची काय चूक न्हवती. बॅटरी जुनी, परत आलेली होती. मला म्हायती होतं. मी स्टिकर लावून दिली. ती बाई मशीनवर हाय हेबी म्हायती होतं."

हे शेवटचं मी त्याला सांगायला लावलं नव्हतं. ते त्याच्या पोटातून आपणहून बाहेर पडलं. स्टँडवर एक गाडी घरघरत उभी होती, तिच्या खिडक्यांतूनही माणसं डोकावत होती.

त्याने माईक माझ्यापुढे धरला. "आता तुम्ही बोला."

मी माईक घेतला. समोर तीच माणसं होती. त्या दिवशी दुकानात माझ्याकडे वळून बघणारी, दिवसकार्यात पाठीमागे कुजबुजणारी, आणि पुढे रविवारी माझ्या शब्दावर फ्रिज आणि पंखे घेणारी. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो असतो, शांत व्हा, रांग करा, तर त्यांनी रांग केली असती.

"ऐकलंत?" मी म्हणालो.

आणि माईक धनाजीच्या हातात दिला.

"एवढंच?" त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही बोलतो म्हणाला होता!"

"बोललो की."

मी मांडवाबाहेर पडलो. मागे पुन्हा गोंगाट सुरू झाला, पहिल्यापेक्षा मोठा. मी वळून बघितलं नाही. सावकाश, आपट्याची पानं विकत घेत, घरी आलो.

दुपारी सुवर्णाचा तासगावहून फोन आला. कुणीतरी तिला व्हिडिओ पाठवला होता. आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मग म्हणाली, "बाबा, मी तेव्हा तुम्हाला तसं विचारायला नको होतं."

"तू विचारलंस तरी," मी म्हणालो. "बाकीच्यांनी न विचारताच ठरवलं. आई असती तर आज तुझ्याकडे सोनं द्यायला आली असती. मी येतोय. संध्याकाळच्या गाडीने."

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. धनाजीचं शोरूम उघडलंच नाही. बॅटऱ्या बदलून देता देता त्याची बाजारपेठेतली जागा गेली. तो गावातच आहे, रस्त्यात समोर आला की पलीकडच्या बाजूला होतो. तुम्हाला वाईट नाही वाटलं का, असं काही सज्जन मला विचारतात. नाही वाटलं. अजूनही वाटत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी मेसेज पाठवला नाही, आणि नंतर कधीच पाठवला नाही. लोकांना वाटलं, मी आजारी आहे. दिवाळी तोंडावर आली होती, टीव्ही कुठला घ्यावा याची सगळ्यांना घाई होती. फोन यायचे, जिन्यावर माणसं यायची. माझं काम झालं होतं, पण त्यांचं काम राहून गेलं होतं.

वसंता अजून विचारतो. परवाही त्याने न मागता माझ्यापुढे स्पेशल चहा ठेवला आणि हळूच म्हणाला, "कंट्रोलर, घरी फ्रिज घ्यायचाय. एका दाराचा घेऊ का दोन दारांचा?"

मी चहा संपवला, पैसे ठेवले आणि उठता उठता म्हणालो, "धनाजीशेठला विचार."